जानेवारी-जुलैचा कागद आणि आमचा मे महिना

हॉस्पिटलच्या मेंटेनन्सला असलेल्या माणसाला वर्षातून दोनदा फॉर्म बी चा ताप भरतो, एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत. ज्यांचा संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो, महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे, त्यात मालकाने नाहीतर भोगवटादाराने लायसन्सवाल्या एजन्सीकडून आपली यंत्रणा तपासून घ्यायची आणि सगळं चालू अवस्थेत आहे असं प्रमाणपत्र, म्हणजेच हा फॉर्म बी, या दोन महिन्यांत फायर ऑफिसरकडे जमा करायचं असतं. एजन्सीचा पोरगा येतो, आग विझवायच्या सिलेंडरवर नवीन स्टिकर लावतो, डिटेक्टरखाली धूर करून बघतो, पंप चालू करून गच्चीवर पाण्याचा फवारा उडवतो, फोटो काढतो, चहा पितो, झालं. कागद फाईलला लागला की नर्सिंग होम रजिस्ट्रेशनच्या रिन्यूअलपर्यंत त्या फाईलकडे कोणी बघत नाही.

मी कायद्याला नावं ठेवत नाहीये, कायदा चांगलाच आहे, नसता तर हेसुद्धा कोणी केलं नसतं. पण जानेवारी आणि जुलै हे दोन महिने जळगाव-भुसावळ-धुळ्याकडच्या हॉस्पिटलची खरी परीक्षा घेतच नाहीत. जानेवारीत आमच्याकडे सकाळी स्वेटर लागतो, अर्धे एसी कव्हर घालून बंद असतात. जुलैत पाऊस पडलेला असतो, हवा उतरलेली असते. मधले एप्रिल-मे, जेव्हा भुसावळ ४५ च्या वर जातं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही, तेव्हा आमच्या डीबीमध्ये, म्हणजे जिथून सगळ्या खोल्यांना वीज वाटली जाते त्या डब्यात, काय चाललंय हे कुठल्याच फॉर्मवर येत नाही.

आता हे बघा. दीड टनाचा एक स्प्लिट एसी सात-आठ अँपियर खेचतो. बांधकामाच्या वेळी खोलीला एक एसी धरून वायर टाकलेली असते. मग जनरल वॉर्डचं डिलक्स होतं, डिलक्सचं आयसीयू होतं, एका पॉइंटवरून दोन एसी, बाजूला फ्रीज, सक्शन मशीन, वर नातेवाईकांचे मोबाइल चार्जर आणि मावशींची चहाची इलेक्ट्रिक किटली. उन्हाळ्यात १६ अँपियरचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद पडणारा स्विच, पडायला लागतो, सिस्टर ओरडतात, डॉक्टर ओरडतात, आणि मग कोणीतरी हुशार वायरमन तिथे ३२ चा एमसीबी लावून देतो. आता पडत नाही! सगळे खुश. एमसीबी पडत होता तो वायरीला वाचवायला पडत होता हे कोणाच्या डोक्यात येत नाही. आता वायर जळेल पण एमसीबी पडणार नाही, अशी व्यवस्था आपण स्वतःच्या पैशाने करून घेतलेली असते.

त्यात आमच्या हवेची भर. साध्या पीव्हीसी वायरीला किती करंट झेपतो याचं टेबल बाहेरची हवा ४० अंश धरून केलेलं असतं, त्यातल्या तांब्याने ७० अंशांपर्यंतच तापायचं असतं. हवा ५० अंश असेल तर तीच वायर साधारण ८२ टक्केच लोड घेऊ शकते. आणि ५० अंश कुठून येणार असं वाटत असेल तर मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीच्या खालच्या फॉल्स सीलिंगमध्ये हात घालून बघा, जिथून सगळ्या वायरी जातात. वर व्होल्टेज पडलं की एसी तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो. आणि एखादा टर्मिनल ढिला असला तर तो तिथेच बसून तापत राहतो, हळूहळू काळा पडतो, वास येतो आणि वास आला की सगळे म्हणतात कोणीतरी काहीतरी जाळतंय बाहेर.

कोणी म्हणेल भंडाऱ्याची आग तर जानेवारीतच लागली. बरोबर आहे. ९ जानेवारी २०२१, जिल्हा रुग्णालयाचा नवजात बाळांचा कक्ष, रात्री दीड-दोनच्या सुमाराला, दहा बाळं गेली. आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयाची ६ नोव्हेंबर २०२१ ची, भाऊबीजेच्या दिवशी, दिवसाढवळ्या, आयसीयूमधले अकरा जण त्याच दिवशी गेले, आणि तो आयसीयू जुनाट नव्हता, कोविडसाठी नवीन केलेला होता. विरारच्या हॉस्पिटलची तेवढी २३ एप्रिल २०२१ ची, पहाटे तीनच्या आसपास, आयसीयूच्या एसीपासून, १५ जण गेले. म्हणजे ऊन हे एकटं कारण नाहीच. पण या तिन्ही जागा बघितल्या तर एक गोष्ट सारखी आहे, २४ तास न थांबता चालणारी मशिनं. घरातला एसी रात्री चालतो आणि सकाळी थंड होतो, आयसीयूतल्या एसीला, बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरला, व्हेंटिलेटरला सुट्टीच नसते. भंडाऱ्यात थंडीच्या दिवसांत वॉर्मर चोवीस तास चालू, आमच्याकडे मे मध्ये एसी चोवीस तास चालू. लोड जिथे सतत, तिथे तपासणी तेव्हाच, एवढा साधा हिशोब आहे.

आणि आयसीयूत दुसरी गोष्ट असते ती ऑक्सिजन. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण आपल्या हवेत तो २१ टक्के असतो, तो दोन-चार टक्क्यांनी जरी वाढला तरी ठिणगीचं रूप पालटतं, चुलीत फुंकणी मारल्यावर होतं तसं, फक्त इथे फुंकणारा थांबत नाही. हाय फ्लो मशीन एका पेशंटला मिनिटाला ६० लिटरपर्यंत देऊ शकतं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत बसतो, बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, आणि उन्हाची झळ नको म्हणून आम्ही खिडक्यांना थर्माकोल लावून वर चिकटपट्टी मारलेली असते. जेवायला मास्क काढला की तो चालू अवस्थेतच उशीवर पडलेला असतो, ऑक्सिजन चादरीत, उशीत, केसांत मुरतो. म्हणून मी आमच्या सिस्टरांना सारखं सांगतो की मास्क काढला तर फ्लोमीटर, म्हणजे भिंतीवरचा ऑक्सिजनचा कॉक, बंद करा, आणि एक्झॉस्ट बंद करू नका, थंडावा कमी झाला तर मला शिव्या द्या. देतात पण.

वॉर्डच्या भिंतीवर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह बॉक्स असतो, त्या भागाचा ऑक्सिजन तिथून बंद करता येतो. किती ठिकाणी त्याच्यासमोर लिनन ट्रॉली उभी असते ते विचारू नका. आणि त्याहून मोठा प्रश्न, आग लागली तर तो बंद कोणी करायचा? बंद केला की आतल्या व्हेंटिलेटरवरच्या सगळ्यांचा श्वास त्या माणसाच्या हातात. एमओ (ड्युटीवरचा डॉक्टर) ठरवणार का इनचार्ज सिस्टर ठरवणार, तोपर्यंत पोर्टेबल सिलेंडर किती आणि कुठे, हे शांतपणे बसून आधी ठरवून भिंतीवर लिहून ठेवायला लागतं. हे फॉर्म बी मध्ये कोणी विचारत नाही.

पाण्याचं तर आमच्याकडे निराळंच. उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसाआड येतं हे इकडच्या माणसाला सांगायला नको. टँकरचे भाव चढले की सगळ्यांची नजर जाते ती फायरच्या टाकीवर, एवढं पाणी नुसतं पडून आहे म्हणे! मग त्यात एक पाइप सोडला जातो, दोन दिवसांसाठी म्हणून, आणि तो पाऊस येईपर्यंत निघत नाही. जुलैत एजन्सी येते तेव्हा टाकी भरलेली. खरं तर बांधतानाच पाणी आधी फायरच्या टाकीत आणि ती भरून ओसंडली की मग वापराच्या टाकीत अशी रचना ठेवली तर हा मोहच होत नाही, पण बंगला घेऊन त्याचं हॉस्पिटल केलेल्या ठिकाणी कोण एवढं बघतं.

पंपाचं पण तसंच. लाइनमध्ये कायम प्रेशर राहावं म्हणून जॉकी पंप असतो, थोडं प्रेशर उतरलं की तो आपोआप चालू होतो. कुठेतरी बारीक लीकेज असलं की तो दर दहा मिनिटांनी घुर्रर्र करतो. एका हॉस्पिटलात गेलो होतो तिथे पॅनलचा सिलेक्टर ऑटोवरून काढून ऑफवर ठेवलेला. वॉचमनबाबाला विचारलं तर म्हणे, "काय करू भाऊ, ती मोटार घडीघडी चालू व्हस, मंग बंद करी टाकी." बाबाला काय बोलणार, त्याची खाट पंपाशेजारीच. चूक लीकेज न काढणाऱ्याची. पण अशा वेळी चौथ्या मजल्यावर होज (आग विझवायचा पाइप) उघडली तर हवा येईल नुसती, आणि नियमाने सगळ्यात लांबच्या हायड्रंटला (होज जोडायच्या नळाला) साडेतीन किलो प्रेशर यायला पाहिजे.

स्प्रिंकलरबद्दल, म्हणजे छतावरच्या काचेचा बल्ब फुटून पाणी मारणाऱ्या फवाऱ्याबद्दल, डॉक्टर लोकांना दोन भीत्या असतात. एक, आपल्याकडच्या ४६ डिग्रीला फुटेल का. नाही फुटत, लाल बल्ब ६८ अंशांचा असतो. दुसरी, एक फुटला की सगळ्या हॉस्पिटलात पाऊस पडेल आणि मशिनं जातील. तेही नाही, ज्या बल्बला आच लागते तेवढाच फुटतो, सगळे एकदम उडतात ते फक्त पिक्चरमध्ये. तसंच सिलेंडरचं, एबीसी पावडरचा काटा हिरव्यात आहे का ते कोणीही बघू शकतं, पण सीओटूच्या सिलेंडरला काटाच नसतो, तो वजन करूनच कळतो, आणि वजनकाटा घेऊन आलेली एजन्सी मी तरी फार कमी वेळा बघितली. पावडर आयसीयूत मारली तर श्वासाचे पेशंट आणखी गुदमरतात, म्हणून तिथे क्लीन एजंट (मागे पावडर न ठेवणारा वायू) नाहीतर सीओटू हाताशी पाहिजे. आणि कुठलाही सिलेंडर मिनिटभरसुद्धा पुरत नाही, त्यामुळे आधी बघून घ्यायचं की आपण दाराच्या बाजूला उभे आहोत ना.

धुराकडे येतो, कारण माणसं बहुतेक वेळा धुरानेच जातात. कोलकात्याचं एएमआरआय हॉस्पिटल, ९ डिसेंबर २०११, आग खाली बेसमेंटमध्ये होती आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली ती बहुतेक वरच्या मजल्यांवर, गुदमरून. आपल्याकडे बेसमेंट पार्किंगसाठी पास होतं आणि तिथे स्टोअर, कापूस, जुन्या केस पेपरचे गठ्ठे, जिन्याखाली यूपीएसच्या बॅटऱ्या. वर सगळं फ्रंट काचेचं, एक पण खिडकी उघडत नाही. वायरींच्या डक्टला प्रत्येक मजल्यावर सील करायचं असतं ते राहून जातं, मग तो डक्ट म्हणजे धुराडंच. हॉस्पिटलचा जिना दोन मीटर रुंद पाहिजे असं नॅशनल बिल्डिंग कोड म्हणतो, इथे स्ट्रेचर वळवताना पेशंटला चादरीसकट उचलावं लागतं.

आणि मागचं दार. कुलूप असतं. का असतं तेही मला माहीत आहे, नातेवाईक कधीही आत येतात, चोऱ्या होतात, एखादा पेशंट बिल न देता मागून निघून जातो. त्याच्यावर उपाय कुलूप नाही, पुश बार आहे, आतून ढकललं की उघडतं आणि वर अलार्म वाजतो, बिल बुडवणारा पण सापडतो. हे असं समजावलं की मॅनेजमेंट लगेच तयार होतं, आगीच्या नावाने नाही होत.

१४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटाची आठवण म्हणून. त्या आठवड्यात सगळीकडे मॉक ड्रिल होतं. पार्किंगमध्ये सकाळी अकराला पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवायचं, सिस्टरांनी एकेक करून विझवायचं, टाळ्या, ग्रुपवर फोटो. वाईट नाही, सिलेंडरची पिन कशी काढायची ते तरी कळतं. पण रात्री दोनला एका मजल्यावर एक सिस्टर आणि एक मावशी असतात, आणि बेडवरचे चालू शकत नाहीत. त्यांना जिन्याने खाली नेणं होणारच नाही. त्यांना त्याच मजल्यावर आग-धूर अडवणाऱ्या दाराच्या पलीकडे ढकलायचं आणि ते दार लावून घ्यायचं, मग पुढचं बघायचं. ते दार जर खुर्ची लावून उघडं ठेवलेलं असेल तर पलीकडची बाजू आणि अलीकडची बाजू एकच.

आम्ही मागे रात्रीचं करून बघितलं, एका ब्रदरला (पुरुष नर्सला) बेडवर झोपवून, ऑक्सिजन सिलेंडर, सलाईन स्टँड, मॉनिटर सगळं लावून, दोनच बायकांनी ढकलायचं. बेडचं चाक जाम होतं. सलाईन स्टँड दाराच्या चौकटीला अडकला. मॉनिटरची वायर प्लगमधून निघेना कारण प्लग कपाटाच्या मागे. एजन्सीच्या कुठल्याच चेकलिस्टमध्ये यातलं काही नव्हतं, आणि मावशी म्हणाल्या त्यापेक्षा गादी खाली ओढून चादरीने फरपटत नेऊ, आणि ते खरंच लवकर झालं.

तर मी आमच्या डॉक्टर साहेबांकडे मांडलंय की जानेवारी-जुलै कायद्यासाठी राहू द्या, पण मे च्या पहिल्या आठवड्यात आपलं आपण एक करू. दुपारी तीनला, सगळे एसी चालू असताना क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट दाखवणारं मीटर) घेऊन प्रत्येक डीबीचा करंट मोजायचा, टर्मिनल टाईट करायचे, कुठला एमसीबी कोणी बदललाय ते शोधायचं, फायरच्या टाकीत काठी टाकून पाणी बघायचं, पंप ऑटोवर ठेवून वरची होज उघडायची, आणि त्याच रात्री ड्रिल. एजन्सीवाला म्हणाला मे मध्ये यायचे पैसे वेगळे लागतील, त्याचंही बरोबर आहे, त्यालाही ऊन लागतं. साहेबांनी डीबीचं आणि पंपाचं मंजूर केलंय. रात्रीच्या ड्रिलला म्हणाले पेशंट घाबरतील, बघू. वॉर्डात कोणाला न घाबरवता ते कसं करायचं हे कोणी करून बघितलं असेल तर खाली लिहा, धुळे-नंदुरबारकडच्या मेंटेनन्सवाल्यांनी तर नक्कीच, तुमच्याकडे टाकीच्या पाण्याचं काय करता तेही सांगा.