शांततेचा अर्थ

मंगळवार, रात्री

एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे द्रव्य) ११२ आले आहे. गेली अकरा वर्षे, म्हणजे कॉलेजच्या रक्तदान शिबिरात दिलेले माझे रक्त रक्तपेढीने बाद केले आणि मला हिपॅटायटिस बी असल्याचे कळले तेव्हापासून, हा आकडा तिशीच्या पुढे कधी गेला नव्हता. विषाणूंची संख्या मात्र कोटींमध्ये होती. यकृत ठणठणीत आहे, अर्थात माझ्या प्रतिकारशक्तीने विषाणूला दाबून ठेवले आहे, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. डॉक्टरांनी आज ती पुरती उलटी केली.

हा विषाणू यकृताच्या पेशीला सहसा स्वतः मारत नाही. बाधित पेशी ओळखून तिला मारतात त्या आपल्याच प्रतिकारयंत्रणेतल्या टी-पेशी, आणि एसजीपीटी वाढते ते या मारामारीमुळे. तेव्हा इतकी वर्षे माझे रिपोर्ट चांगले येत होते, ते मुख्यतः लढाई जवळजवळ होतच नव्हती म्हणून. आईची तपासणी नंतर झाली, तीही बाधित निघाली. संसर्ग मला जन्मतःच झाला असावा. प्रौढपणी लागण झालेल्या शंभरांपैकी पाचांपेक्षाही कमी जणांत हा आजार कायमचा राहतो, तर जन्मतः झालेल्यांपैकी सुमारे नव्वद जणांत. आईला हे आकडे मी सांगितलेले नाहीत.

विषाणू आपल्या आवरणाचे प्रथिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार करून रक्तात सोडत राहतो. (अमेरिकी शास्त्रज्ञ ब्लुमबर्ग यांना १९६०च्या दशकात सापडलेले आणि रक्तपेढ्या आजही तपासतात ते हेच प्रथिन.) वर्षानुवर्षे त्याचा मारा सोसून त्याला ओळखणाऱ्या टी-पेशी थकतात: त्यांच्या पृष्ठभागावर पीडी-१ नावाचा जणू ब्रेक वाढतो, त्यांची संख्या घटते आणि उरलेल्या नीट काम करत नाहीत. कर्करोगात हा ब्रेक सोडवणारी औषधे वापरतात, मग मला का नाही, असे मी विचारले. त्यावर डॉक्टर म्हणाले की जागोजागी बाधित असलेल्या यकृतात या पेशी एकदम मोकाट सुटल्या तर यकृतच निकामी होण्याची भीती असते.

प्रतिकारशक्ती कमी असणे आणि एकाच शत्रूपुढे ती थकलेली असणे, यांतला फरक मावशीला कसा समजावावा हे मला उमगत नाही. सर्दी-तापातून मी इतरांसारखाच बरा होतो. तिने आज पुन्हा गुळवेलीचा काढा पाठवला, ‘इम्युनिटी वाढेल’ म्हणून. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेले काही रुग्ण नोंदवले होते, आणि त्यांच्यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच यकृतावर उलटल्याची लक्षणे होती. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद कोणी जिंको, ११२ एसजीपीटी असताना मी तो काढा घेणार नाही. बाटली फ्रिजच्या मागे सरकवली आहे.

आता बहुधा टेनोफोव्हिर सुरू होईल. ती गोळी विषाणूच्या नव्या प्रती बनणे रोखते, पण यकृतपेशीच्या केंद्रकात दडलेला त्याचा मूळ डीएनए काढू शकत नाही. थकलेल्या टी-पेशीही तिच्यामुळे थोड्याफारच सावरतात. म्हणून ती मनाने बंद करायची नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिले तर आधी हा आजार सांगायचा, असे माझ्या डॉक्टरांनी दोनदा बजावले.

फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती कडक झाले आहे ते मोजणारी तपासणी, उद्या अकराला आहे. त्याआधी तीन तास काही घ्यायचे नाही, त्यामुळे चहा आठच्या आत व्हायला हवा.