नखावरची मेंदी

परवा दुपारी पोस्टात रांगेत उभी होते. पुढे चौघं, प्रिंटर रुसलेला, पंखा नावापुरता. अशा वेळी मी लोकांची नखं बघत बसते. वाईट खोड आहे, पण ती मेंदीमुळे लागली.

तळहातावरची मेंदी दोन-तीन आठवड्यांची पाहुणी. कातडी झडते, तिच्याबरोबर तीही जाते. नखाचं तसं नाही. पानातलं रंगद्रव्य, लॉसोन, नखाला एकदा चिकटलं की सुटत नाही, आणि नख वाढणार महिन्याला जेमतेम ३ मिलिमीटर. रंग तिथेच असतो, मुळातून येणारं कोरं नख त्याला पुढे ढकलत नेतं, इतकंच.

आमच्याकडे नागपंचमीच्या आदल्या रात्री मेंदी असायची. परसातल्या झुडपाचा पाला ओरबाडून आणायचा, आजी कात घालून पाट्यावर वाटायची. (खरी मेंदी हं, शहरात कुंपणाला असते ती कोयनेल नव्हे. तीही एकदा वाटून लावली होती मी. रंग शून्य.) नक्षीबिक्षी काही नाही. तळहातावर रुपयाएवढा ठिपका, बोटांना टोप्या, मुठी मिटून वर फडकं. की लगेच नाक खाजलंच.

आता राजस्थानातल्या सोजतची पावडर मिळते, तिला २०२१ साली भौगोलिक मानांकनही मिळालं, कोनाने वेलबुट्टी सुरेख येते. टोप्या मात्र नवरीच्याच बोटांना दिसतात.

त्या टोप्या हे माझं कॅलेंडर. गणपतीत नखाच्या मुळाशी कोरी कोर, दिवाळीत अर्ध्याहून जास्त नख कोरं, मार्गशीर्षात उरलेली शेवटची केशरी कड. आई नखं कापायला बसली की मी अंगठा लपवायची.

काउंटरवरच्या मुलीच्या दहाही नखांना ती कड होती. गणपती नुकतेच गेलेले. चार महिने मागे मोजले.

"वैशाखातलं लग्न ना?" पासबुक सरकवत मी विचारलं. हिशोब जुळला की मला राहवत नाही.

तिने नखांकडे पाहिलं, मग शिक्का उचलला.

"साखरपुडा झाला होता," म्हणाली.

प्रिंटर तेवढ्यात सुरू झाला. मी पासबुक घेऊन बाजूला झाले. पुढच्या माणसाला तिने जरा मोठ्यानेच हाक मारली.