चोपन्न पायऱ्या

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. १९८६ सालचं बांधकाम, तळमजला अधिक तीन. डोंबिवली पूर्वेला अशा इमारती रांगेनं उभ्या आहेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, पायऱ्या चोपन्न. घर घेतलं तेव्हा सासूबाई पन्नाशीच्याही आत होत्या. दोन्ही हातांत रेशनच्या पिशव्या घेऊन मधे न थांबता चढायच्या. आज त्या ८६ वर्षांच्या आहेत.

तीनेक वर्षांपूर्वी जिन्यातला दिवा गेलेला असताना त्या दोन पायऱ्या घसरल्या. हाड मोडलं नाही, म्हणून आम्ही हुश्श केलं आणि विसरून गेलो. त्या विसरल्या नाहीत. "आज नको, उद्या बघू" करत करत चौदा महिने खाली उतरल्याच नाहीत. डॉक्टर म्हणाले, आजी, रोज चालत जा. कुठे? आमचा हॉल ते स्वयंपाकघर अकरा पावलं आहे. २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला, राज्यात कुठेही जा. सासूबाई म्हणाल्या, "एसटी जिन्यात येते का विचार."

मी बँकेत ३२ वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर मोजायची सवय गेली नाही, तेव्हा एक दिवस दोन्ही विंगमधली माणसं मोजली. सत्तरीपुढचे अकरा. त्यातले पाच जण महिनोन्‌महिने खाली दिसलेले नाहीत. ए विंगच्या दुसऱ्या मजल्यावरचे काका तर हयात आहेत हेच मला त्या दिवशी नव्यानं कळलं. लाज वाटली.

जनरल बॉडीत मी म्हटलं, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक खुर्ची ठेवू. बसत बसत उतरतील. लगेच विरोध. आग लागली तर वाट अडेल. खरं तर मुद्दा बरोबर होता, पण बोलणाऱ्यांची स्वतःची सायकल आणि चपलांचं कपाट जिन्यातच आहे, ते सोडा. शेवटी एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून घडीच्या फळ्या करून घेतल्या: बिजागरीवर उघडतात, उठलं की उचलून भिंतीला लावायच्या. दोन विंग मिळून सहा. भिंतीच्या बाजूनंही कठडा लावला, कारण ज्या काकांची डावी बाजू लुळी आहे त्यांचा कामाचा हात उतरताना एका बाजूला येतो आणि चढताना दुसऱ्या. वर्गणी काढली. दोघांनी अजून दिलेली नाही. वाट बघतेय.

फळ्या लागल्या. सासूबाई उतरल्या नाहीत.

पहिल्या मजल्यावर फिजिओथेरपी शिकणारी मुलगी राहते. ती वर आली, सासूबाईंना जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर बसवलं, हातांची छातीशी घडी घालायला सांगितली आणि म्हणाली, आता उभ्या राहा, बसा, परत उभ्या राहा. तीस सेकंदांत किती वेळा जमतं ते मोजायचं. पंच्याऐंशी ओलांडलेल्या बाईला निदान आठ वेळा जमावं, त्याखाली आकडा गेला की पडायचा धोका वाढला असं समजायचं. हात टेकून उठलं तर आकडा शून्यच धरतात. सासूबाईंचा शून्य. त्या खूप चिडल्या. सातवीत पहिला नंबर आलेली बाई आहे ती.

दुसऱ्या दिवसापासून दूध तापत असताना ओट्याशी खुर्ची घेऊन त्यांची उठबस सुरू झाली. आधी हात टेकून, मग एका हातानं. मला बघायची बंदी होती.

पण खाली त्या उतरल्या त्या वालांमुळे. आमच्याकडच्या बहुतेक सुना-लेकी मुंबईला नोकरी करतात. लोकलमधून उतरल्यावर स्टेशनबाहेर निवडलेली, सोललेली भाजी मिळते, पण ती महाग, आणि कुणी कधी धुतली देव जाणे. बी विंगमधल्या एकीनं तळमजल्यावरच्या आजींना विचारलं, मेथी निवडून ठेवाल का? त्यातून सुरू झालं. आता सकाळी गाडी पकडायला धावताना पिशवी चिठ्ठी लावून वॉचमनच्या टेबलावर टाकायची, संध्याकाळी येताना निवडलेली उचलायची. पाच वाजता खाली चटई आणि चार खुर्च्या पडतात. गवार, मेथी, मटार, ज्याच्या त्याच्या नावानं. एक दिवस सेक्रेटरींच्या बायकोनं वर येऊन सासूबाईंना सांगितलं, "आजी, दोन किलो वाल भिजवलेत बिरड्यासाठी, खाली कुणाला धड सोलता येत नाहीयेत." दाणे फुटताहेत हे ऐकल्यावर त्यांना राहवेना. काठी घेतली. त्या मुलीनं शिकवलेलं पुटपुटत उतरल्या: उतरताना दुखरा पाय आधी, चढताना चांगला आधी. दोन फळ्यांवर बसल्या. सतरा मिनिटं लागली.

यात भांडणं झाली नाहीत असं नाही. एका सुनेनं निवडायचे वीस रुपये देऊ केले. सासूबाईंना अपमान वाटला आणि मीही तावातावानं म्हटलं की इथे पैशांचा व्यवहार नको, शेजारधर्म आहे. तळमजल्यावरच्या आजी तेव्हा गप्प राहिल्या. आठवड्यानं मला एकटीला गाठून म्हणाल्या, "तुमच्या घरात पेन्शन येते, माझ्याकडे नाही येत." मी बँकेतली बाई, आणि हे मला सुचलं नव्हतं. आता ज्यांना हवेत त्या घेतात, बाकीच्यांची कामं परतफेडीनं होतात: कुणी स्टेशनजवळून औषधं आणतं, कुणी चष्म्याची काडी बसवून आणतं.

दूध टाकणाऱ्या मुलालाही यात ओढला. आठ वाजेपर्यंत पिशवी दाराला तशीच लटकलेली दिसली तर बेल वाजवायची, उत्तर नाही आलं तर मला फोन. पावसाळ्यात एकदा तो फोन आला. एकट्या राहणाऱ्या एक मावशी न्हाणीघरात पडल्या होत्या. शेजारी किल्ली होती, पण मावशींनी आतून वरची कडी घातलेली. सुतार येऊन दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. मावशी वाचल्या, खुबा मोडला होता. त्यानंतर एकटं राहणाऱ्या सगळ्यांच्या दाराच्या आतल्या कड्या काढून टाकल्या, नुसतं लॅच ठेवलं. न्हाणीघरालाही आतून कडी नाही. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर हे वाचून झाल्यावर आधी कडी बघा.

नोव्हेंबर हा माझा महिना. काउंटरच्या पलीकडे बसून मी बत्तीस वर्षं हयातीच्या दाखल्याची रांग पाहिली. रिक्षातून उचलून आणलेली माणसं, बोटांच्या रेषा झिजल्यामुळे मशीन ज्यांना ओळखत नाही अशी. आता मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता येतो, आणि ऐंशीपुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच. कॉलेजची दोन पोरं भाजीच्या चटईशेजारी बसून सगळ्यांचे दाखले काढतात. दुसऱ्या मजल्यावरचे काका त्यासाठी दोन वर्षांनी खाली आले, फोनकडे डोळे वटारून बघत म्हणाले, "हसू का?" पोरं म्हणाली, डोळ्यांची उघडझाप करा, पुरे.

सासूबाईंचा आकडा परवा सात झाला. आठ होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही असा हुकूम आहे. त्या मोबाइलवर काही वाचत नाहीत, म्हणून लिहिते आहे.

सध्या इमारतीत पुनर्विकासाचं वारं आहे. बिल्डरचा माणूस मागच्या रविवारी नकाशा घेऊन आला. चौदा मजले, दोन लिफ्ट. तीन वर्षं सगळ्यांनी भाड्यानं कुठे कुठे राहायचं, कुणी बदलापूर, कुणी कल्याणला लेकाकडे. तळमजल्यावरच्या आजी भाडेकरू आहेत, त्यांचं काय हे नकाशात नव्हतं. त्यानं गच्चीवर बोट ठेवून सांगितलं, इथे खास ज्येष्ठांसाठी बसायची जागा, झाडं, बाक, सगळं. सासूबाई घेवड्याच्या शिरा काढत होत्या. त्यांनी विचारलं,

"तिथून येणारी-जाणारी माणसं दिसतात का?"

"आजी, तिथून खाडी दिसते," तो म्हणाला.

त्यांनी पुढची शेंग घेतली.