तुम्ही विचारलंत म्हणून: सडलेला दरवाजा बदलायचा की पत्रा मारायचा?

माझी गाडी रत्नागिरीची, 2011 ची बोलेरो पिकअप, सीझनला आंबा आणि एरवी मासळी, आणि एवढ्या जुन्या गाडीचे दोन्ही दरवाजे धड दिसतात म्हणून मिरकरवाड्याला जेटीवर असो नाहीतर पंपावर, कोणी ना कोणी विचारतंच, की आमचे दरवाजे खालून सडलेत, पत्रा मारून घेऊ की बदलूनच टाकू?

खालची कड सडली असेल तर बदला. पत्र्यात पैसे घालू नका.

कारण दरवाजा गंजायला सुरुवात आतून होते. काचेच्या रबरपट्टीतून पावसाचं पाणी दरवाज्यात उतरतंच, नवीन गाडीतही उतरतं, ते बाहेर पडावं म्हणून तळाला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती लाल मातीनं बुजली की पाणी तिथेच बसतं. त्यात खाली बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडून दाबलेला असतो, त्या दुमडीत शिरलेली ओल लवकर सुकत नाही. आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, बारा महिने खारा वारा, आणि मीठ पाण्यात उतरलं की गंज झपाट्यानं धावतो. रंगाला पहिला फुगा येतो तेव्हा आतला पत्रा खाऊन झालेला असतो.

आता तिथे तुकडा कापून गॅस वेल्डिंग केलं की बाहेरून लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून, घासून, रंग मारून झकास दिसतं. पण वेल्डिंगच्या उष्णतेनं आतल्या बाजूचा रंग जळालेला असतो आणि तिथे ब्रश पोचतच नाही, शिवाय लांबी पाणी शोषते, म्हणजे एक-दोन पावसाळ्यांत फुगा परत त्याच जागी. वरच्या भागात, हँडलच्या आसपास एखादं भोक असेल तर मात्र पॅच चालतो, तिथे पाणी साचत नाही.

दरवाजा आणायचा तर घाटावरचा आणा, हे मी सगळ्यांना कळकळीनं सांगतो. आंबा घाट चढून कोल्हापूर-सांगलीकडे माल टाकायला जाताच, परतताना तिकडच्या भंगारवाल्यांकडे बघा. कोरड्या भागात चाललेल्या गाडीचा कंपनीचा जुना दरवाजा मला बाजारातल्या पातळ पत्र्याच्या नवीन दरवाज्यापेक्षा कधीही बरा वाटतो, तो बसतोही नीट. बघताना खिशात चुंबक ठेवा, खालच्या कडेवरून फिरवत न्या, जिथे पकड ढिली पडते तिथे खाली लांबी भरलीय समजा. दरवाजा उलटा करून तळाची दुमड बोटानं चाचपा, खरखरीत पापुद्रे लागले तर सोडून द्या. आणि आपल्या बिजागरीच्या भोकांचं माप, लॉकचा फोटो जवळ असू द्या, मॉडेल बदललं की बारीकसारीक फरक निघतात.

बसवण्याआधी बिजागरी ज्या खांबाला लागते तो खांब आणि पायरीखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. तिथून बद्द आवाज आला तर आधी ते काम, नाहीतर चांगला दरवाजा सडक्या खांबाला लटकेल आणि भर रस्त्यात उघडेल. जुना दरवाजा अर्धा उघडून वर उचला, खडखडला तर बिजागरीचे पिन-बुश झिजलेत, ते आत्ताच बदला. बोल्ट सोडायच्या आधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ मारून ठेवा, नवीन दरवाजा त्याच रेघेवर बसवला की निम्मी डोकेदुखी कमी. दोघं जण लागतातच, एकानं खाली लाकडाचा ठोकळा देऊन तोलायचा, दुसऱ्यानं बोल्ट हातानं लावायचे, चारी बाजूची फट सारखी झाली की मग आवळायचे, आणि लॉकचा कॅच सगळ्यात शेवटी. रंगाच्या आधी एकदा असा बसवून बघाच, रंगवलेल्या दरवाज्याला ठोकाठोक करायची वेळ येऊ नये.

रंगाच्या वेळी उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, पेंटर आळस करत असेल तर समोर उभे राहा. आतून गंजरोधक मेणाचा स्प्रे त्या दुमडीपर्यंत जाऊ द्या, नंतर तळाची भोकं तारेनं मोकळी करा. आतून डांबरी कोटिंग करू नका, त्यानं भोकंच बंद होतात. जळकं ऑइलही नको, रबरपट्ट्या फुगतात. रबरपट्टी नवीनच घाला, जुनी परत लावण्यात काय वाचतं ते मला कधी कळलेलं नाही. आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा गोड्या पाण्यानं दरवाज्याच्या खालच्या कडा धुवा, मासळी भरून आलात तर त्याच दिवशी.

रंग आरसीवर आहे तोच ठेवा. दरवाज्यावरचं मालकाचं नाव, पत्ता, वजनाचे आकडे पेंटरकडून लगेच लिहून घ्या, 8 वर्षांवरच्या मालगाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी, दरवर्षी असतं आणि कोरा दरवाजा घेऊन गेलात तर परत पाठवतील.