आहेराची वही आणि पौषातले लग्न

माझे लग्न ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी आप्पांनी कपाटाच्या वरच्या खणातून लाल कापडी बांधणीची एक लांबट वही काढली आणि काही न बोलता माझ्यासमोर ठेवली. मी आदल्या रात्री त्यांना सांगितले होते की आम्हा दोघांच्या बचतीत जेवढे बसेल तेवढेच लग्न करायचे, कोणाकडून एक रुपया उसना घ्यायचा नाही आणि माणसे शंभर-सव्वाशेच्या वर न्यायची नाहीत. त्याला उत्तर म्हणून ही वही आली होती.

ती आमच्या घरची आहेराची वही. 1991 साली आई-आप्पांच्या लग्नात कोणी काय दिले याची नोंद तिच्या पहिल्या पानापासून आहे: एक पितळी पातेले, रुपये 51, स्टीलचा पाच शेरी डबा, जांभळे लुगडे, पुन्हा रुपये 21. प्रत्येक नावापुढे नंतरच्या काळात निळ्या शाईने परतफेड लिहिलेली आहे, म्हणजे त्या घरच्या लग्नात, बारशात, वास्तुशांतीला आम्ही काय नेले ते. आप्पा एस.टी.त वाहक होते, त्यामुळे हिशेबात चोख. ते म्हणाले, "आठशे माणसं नुसती जेवायला येतात असं तुला वाटतं. पण यातल्या निम्म्या घरांत आपण चौघं जेवून आलोय. त्यांचं पान आपल्याकडे बाकी आहे."

मोठ्या लग्नांवर टीका करणारे लेखन मी पुष्कळ वाचले होते आणि त्यातला बहुतेक रोख दिखाऊपणावर असतो. दिखाऊपणा असतोच, पण गावाकडच्या पंगतीत त्याहून जास्त असते ती ही देवघेव. जो माणूस तीस वर्षे दुसऱ्यांच्या मांडवात जेवला, त्याने स्वतःच्या मुलीच्या लग्नात भावकीला बोलावले नाही, तर तो साधेपणा ठरत नाही, बुडवेपणा ठरतो. आमच्या एका नातेवाइकांनी याच धाकापोटी पतसंस्थेतून कर्ज काढून मुलीचे लग्न केले आणि तिचा मुलगा शाळेत जाऊ लागला तरी हप्ते चालू होते. तेव्हा लहान लग्न करायचे असेल, तर आधी या वहीचे काय करायचे ते ठरवणे भाग होते. मांडव, फुले, वाजंत्री यांत काटकसर कशी करावी हा प्रश्न त्यापुढे अगदीच सोपा निघाला.

तोडगा आईने काढला. लोकांना आपल्या दारी एका तासासाठी बोलावता येत नसेल, तर आपण त्यांच्या दारी जावे, असे ती म्हणाली. डिसेंबरात आत्या, काकू आणि आई यांनी तीन दिवस बसून बेसनाचे लाडू वळले आणि आप्पा पंधरा दिवस एस.टी.ने त्रेचाळीस घरी फिरले. प्रत्येक घरी लाडवांचा पुडा द्यायचा, लग्न कधी, कोणाशी आणि कसे आहे ते नीट सांगायचे, आणि "पंगत घालत नाही, राग धरू नका" हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचे. त्यांना ते किती जड गेले असेल, याची कल्पना मला फार उशिरा आली. लाडवांचा सगळा खर्च बारा हजार झाला. त्या त्रेचाळीसपैकी अकरा घरांनी उलट आम्हालाच केळवणाला बोलावले, त्यामुळे लग्नाच्या आधीचे चार-पाच आठवडे प्रत्येक शनिवार-रविवारी आम्ही कोणाकडे तरी पुरणपोळी नाहीतर वांग्याची भाजी-भाकरी खात होतो आणि ज्या माणसांशी लग्नाच्या मांडवात "जेवलात का?" यापलीकडे बोलणे झाले नसते, त्यांच्या घरी दोन-दोन तास बसत होतो. थोरल्या काकांनी मात्र लाडू परत पाठवले. ते लग्नालाही आले नाहीत आणि त्यांची नाराजी अजून गेलेली नाही. कमी खर्चाच्या लग्नाची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात धरता येत नाही.

तारीख आम्ही मुद्दाम पौषातली धरली: बुधवार, 8 जानेवारी 2025. पौषात लग्ने करत नाहीत, या समजुतीचा आम्हाला चांगलाच फायदा झाला. गावच्या मंदिराचा सभामंडप रिकामा होता आणि आचारी मोकळा होता. एरवी तुळशीच्या लग्नानंतर ज्याची तारीख मिळवण्यासाठी लोक हेलपाटे घालतात, तोच आचारी स्वतःहून घरी येऊन यादी लिहून घेऊन गेला. मंदिराला आम्ही पाच हजार रुपये देणगी दिली आणि रीतसर पावती घेतली. "पौषात लग्न म्हणजे..." असे वाक्य अर्धवट सोडून मान हलवणाऱ्या आजीच्या एका मैत्रिणीला आई म्हणाली, की पौषात संक्रांतही येते आणि लग्नानंतर सहाव्या दिवशी मुलीला हलव्याचे दागिने घालायला मिळतील, असा योग मुहूर्ताच्या लग्नात कुठला?

कायद्याने आमचे लग्न त्याआधी दोन दिवस, सोमवारी, पुण्यात लागले. आम्ही दोघेही पुण्यात नोकरी करतो, आमच्या जाती वेगळ्या आहेत आणि धार्मिक विधींवर लग्नाची वैधता अवलंबून असू नये असे दोघांनाही वाटत होते, म्हणून 1954 चा विशेष विवाह कायदा निवडला. त्याची रीत सरळ आहे. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य असावे लागते, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात फलकावर लागते, आणि तीस दिवसांत वैध हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न केले नाही, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना घरून विरोध असतो त्यांच्यासाठी ही महिनाभर फलकावर लटकणारी नावे म्हणजे मोठा धोका असतो. आम्हाला तसा काही त्रास झाला नाही, पण त्या फलकावर आमच्या शेजारी लागलेल्या एका जोडप्याच्या कागदाकडे पाहताना ते मनात आल्याशिवाय राहिले नाही. सरकारी शुल्क इतके किरकोळ होते, की नंतर पाच जणांनी मिळून खाल्लेल्या मिसळीचे बिल त्याहून जास्त झाले. एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचे वाक्य दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत म्हणता येते. आम्ही ते मराठीत म्हटले आणि नवऱ्याचा आवाज माझ्यापेक्षा जास्त कापला, हे मी इथे नमूद करून ठेवते.

कायद्याचे काम उरकल्यामुळे बुधवारचा समारंभ आमच्या मनासारखा करता आला. भटजी नव्हते. "मग लग्न लावणार कोण?" या प्रश्नाला आप्पांनी सांगितले, की जोतीराव फुल्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला भटजींशिवाय पहिले लग्न लागले. दीडशे वर्षे होऊन गेली, आता तरी हे नवे म्हणू नका. फुल्यांच्या मंगलाष्टकांत वधू आणि वर स्वतः बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांविषयी विचारते आणि वर वचन देतो. हे मला शाळेत कोणी सांगितले नव्हते. आम्हीही बोलायचे असे ठरले, पण शब्द आमचे आणि वृत्त मात्र नेहमीचे, कारण निवृत्त मराठी शिक्षिका असलेल्या आत्याला शार्दूलविक्रीडिताशिवाय लग्न लागल्यासारखे वाटणार नव्हते.

त्या वृत्तात एका ओळीची एकोणीस अक्षरे आणि बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. आत्या आठवडाभर बोटांवर लघु-गुरू मोजत होती. माझे माहेर कराडजवळ आणि सासर अमरावतीचे. दोन्ही गावे एकाच ओळीत आणायची तिची फार इच्छा होती. 'अमरावती' चौथ्या अक्षरापासून ठेवली की तंतोतंत बसते, आणि 'कराड' तर नुसता 'ज' गणच (लघु-गुरू-लघु) आहे, पण तो पडतो नेमका त्याच जागेवर, जिथे अमरावतीचे शेपूट येते. अखेर तिने हात टेकले आणि दोन गावांना दोन ओळी दिल्या. (कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम कवितेत घालायचा मोह मात्र तिने टाळला, याबद्दल मी तिची ऋणी आहे. आमच्याकडच्या निम्म्या लग्नपत्रिकांत तो असतो.)

ऐन वेळी वीज गेली. ध्वनिवर्धक बंद पडला आणि आत्याने नुसत्या गळ्यावर म्हणायला सुरुवात केली. पुढच्या चार रांगांना ऐकू गेले. मागच्यांनी तिसऱ्या अष्टकालाच शेवट समजून उरलेल्या सगळ्या अक्षता उधळल्या आणि टाळ्या वाजवल्या, त्यामुळे माझी ओळ अर्धी टाळ्यांत बुडाली. अंतरपाट म्हणून आजोबांचे उपरणे धरले होते. ते इतके विरले होते, की पलीकडे नवऱ्याचा चष्मा आणि त्यावर लोंबणाऱ्या मुंडावळ्या मला पूर्ण वेळ दिसत होत्या, आणि मुंडावळ्यांचे फूल काचेवर आले की तो मान झटकत होता. अंतरपाटाचा उद्देश त्यातून साधला नाही, पण मला ते उपरणेच हवे होते. त्यावर आईने कुंकवाने काढलेले स्वस्तिक धुतल्यावरही पूर्ण गेलेले नाही.

जेवणासाठी किराणा आम्ही भरला आणि आचाऱ्याला फक्त मजुरी दिली. मिळून अडतीस हजार झाले. बेत मसालेभात, अळूची भाजी, बटाट्याची भाजी, पुरी, मठ्ठा आणि जिलेबीऐवजी खपली गव्हाची खीर. खीर आचाऱ्याकडे न देता काकूने स्वतःकडे घेतली होती. सात किलो कांडलेली खपली आदल्या रात्री भिजत घातली आणि पहाटे चार वाजता मंदिरामागच्या चुलीवर मोठ्या पातेल्यात चढवली. गहू फुटून मऊ झाल्याशिवाय गूळ घालायचा नाही, कारण गूळ पडला की गहू पुढे शिजत नाही, हे ती दर दहा मिनिटांनी कोणाला तरी बजावत होती. मग गूळ, खोबरे, खसखस, सुंठ, वेलदोडा. एकशेवीस माणसे धरली होती, आली एकशेअठ्ठेचाळीस, कारण लाडू मिळालेल्यांपैकी काही जण "जेवायला नाही, अक्षता टाकायला आलोय" असे म्हणत आले आणि त्यांना उपाशी पाठवणे शक्यच नव्हते. शेवटच्या पंगतीला मठ्ठा संपला आणि खीर तळाला थोडी लागली होती. लागलेल्या खिरीचा तो धुरकट वास मला आवडला, पण काकू अजून त्याबद्दल हळहळते.

सगळा मिळून खर्च एक लाख अडुसष्ट हजार झाला आणि तो आम्ही दोघांनी निम्मा निम्मा वाटून घेतला. हुंडा 1961 च्या कायद्याने बंद आहे असे म्हणतात, पण "लग्न दोन्ही अंगी करून द्या" हा शब्दप्रयोग आमच्या भागात आजही सहज कानावर पडतो आणि त्याचा अर्थ दोन्हीकडचा खर्च मुलीच्या बापाच्या माथी. माझ्या सासऱ्यांनी पहिल्याच भेटीत "आमची पंधरा माणसे, आमचे तिकीट आमच्याकडे" असे म्हटले, तरी त्या तिकिटांचे वीस हजार आम्ही आमच्याच हिशेबात धरले. सर्वांत मोठी रक्कम मंगळसूत्राची निघाली: दोन वाट्या, पाच ग्रॅम सोने, एकेचाळीस हजार. सोन्याऐवजी नुसते काळे मणी घालावेत असे मला वाटत होते. आईला तसे वाटत नव्हते आणि तिथे मी माघार घेतली. माझ्या इरकली साडीसह सगळ्यांचे कपडे बावीस हजारांत बसले. छायाचित्रकार एकच होता, त्याने पंधरा हजार घेतले आणि ते पैसे वाया गेले असे माझे मत आहे, कारण ज्या छायाचित्रांकडे आम्ही वळून वळून पाहतो, ती सगळी आतेभावाच्या मोबाइलमधली आहेत.

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असे छापले होते. तरी काहींनी आईच्या हातात पाकिटे कोंबली, आणि रात्री आप्पा वही घेऊन बसले. कोणाचे किती ते त्यांनी लिहिलेच, सवय सुटणार कशी. पण त्याआधीच्या पानावर त्यांनी "केळवण" असे शीर्षक घालून अकरा घरांची नावे लिहिली आणि रकमेच्या रकान्यात काय जेवलो ते लिहिले. एका नावापुढे "पुरणपोळी, कटाची आमटी", दुसऱ्यापुढे "भरले वांगे, भाकरी, दही". थोरल्या काकांच्या नावाची ओळ कोरी आहे.

आता मे महिन्यात त्याच काकांच्या मुलाचे लग्न आहे. आठशे पाने, शिवाय वरात. निमंत्रण टपालाने आले, घरी कोणी आले नाही. आप्पा परवा वही उघडून बसले होते आणि काकांना किती आहेर न्यावा याचा विचार करत होते, कारण त्या कोऱ्या ओळीवरून काहीच ठरवता येत नव्हते. आई म्हणाली, खीर घेऊन जाऊ या.