चंद्रकळा विटली कशी?

संक्रांतीला आईनं चंद्रकळा नेसली. वर्षातून एकदाच ती ट्रंकेतून निघते, तीही डांबरगोळ्यांचा वास घेऊन. घरात कॅमेरा येऊन जेमतेम आठ दिवस झाले होते. आईला परसात उभी केली, हातात तिळगुळाची वाटी दिली आणि फोटोत साडीच साडी येईल इतक्या जवळून चाप दाबला. स्क्रीनकडं बघून ती म्हणाली, "ही माझी चंद्रकळा? पोतेरं दिसूलंय की!"

खरंच, काळीभोर साडी राखेसारखी आली होती. चेहराही पीठ फासल्यासारखा पांढुरका. मला वाटलं, ऊन जास्त झालं असेल.

पुढच्या रविवारी बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो. 1204 साली रट्ट राजांच्या काळात बांधलेलं हे जैन मंदिर. आत काळ्या दगडाचे गुळगुळीत खांब, आणि मान वर केली की छतातून उलटं लटकलेलं दगडी कमळ. इथं जन्म काढूनही ते नीट बघितलं होतं ते शाळेच्या सहलीत, तेही बाईंच्या धाकानं. या वेळी पाऊण तास थांबलो. एका खांबावर तर बाहेरचा उजेड पाण्यासारखा लकाकत होता. घरी येऊन फोटो उघडले, तर आठशे वर्षांच्या त्या दगडाला कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलेला! लकाकी गेली ती गेलीच.

जांबोटीच्या रस्त्यावर पावसाळी धुकं काढलं, तर तिथं उलटा प्रकार. दुधासारखं धुकं चुलीच्या धुरासारखं मळकट झालं.

शेवटी शहापुरातल्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांना गाठलं. छत्तीसच्या रोलमध्ये अडतीस फोटो बसवणारी ही पिढी. चाप दाबण्याआधी विचार करायची त्यांना सवय. माझे फोटो बघून ते हसले. "काळं दे, पांढरं दे, कॅमेरा सगळ्याचं करडंच करतो. त्याला एकच माप ठाऊक."

ते माप असं. वस्तूवरून परत येणारा उजेड कॅमेरा मोजतो. पण कमी उजेड आला, तर समोर अंधार आहे की वस्तूच काळी आहे, हे त्याला कुठून कळणार? मग तो धरून चालतो की जग सरासरीनं करडं आहे, पडलेल्या उजेडातला साधारण 18 टक्के परत पाठवणारं. चंद्रकळा दिसली की त्याला वाटतं अंधार झाला, म्हणून तो जास्त उजेड आत घेतो. धुकं दिसलं की वाटतं ऊन फार झालं, म्हणून हात आखडता घेतो. एकाच शेरानं कापूस आणि लोखंड मोजल्यासारखं. 1975 साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा बनवला, त्याला एक चित्र कॅसेटवर उतरवायला 23 सेकंद लागायचे आणि तेही काळं-पांढरंच असायचं. घराण्याचा हा गुण तिथूनच आला असावा, अशी मला शंका आहे. आताचे मोबाईल चेहरे वगैरे ओळखतात, अंदाज बरा बांधतात. पण काळ्या साडीपुढं तेही गडबडतात.

उपाय एका बटणाचा. त्यावर अधिक-उणेची खूण असते. समोर काळं असेल तर उणे करायचं, पांढरं असेल तर अधिक. एक घर उणे म्हणजे उजेड निम्मा. मन मात्र उलटं सांगतं, 'काळं आहे, उजेड वाढव.' त्या मनाचं ऐकायचं नाही, एवढंच जमायला मला महिना लागला.

बाकीचं काकांनी चहा निवेपर्यंत उरकलं. शटर म्हणजे मला खडेबाजारात सकाळी खडखडत वर जाणारं तेवढंच माहीत. कॅमेऱ्यातलं शटर किती वेळ उघडं राहतं त्यावर हललेलं-न-हललेलं ठरतं. मिरवणुकीतलं लेझीम गोठवायचं तर सेकंदाचा पाचशेवा भाग तरी धरायचा. भिंगाच्या भोकाचा आकडा लहान, तर भोक मोठं. असं उलटं कुणी ठेवलं, विचारू नका. आयएसओ म्हणजे कमी उजेडातही टिपायची कॅमेऱ्याची ताकद; ती वाढवली की अंधारातही फोटो येतो, पण रव्यासारखे दाणे घेऊन येतो. हे सगळं तीन दिवसांत पाठ होतं. त्या करड्या हट्टाशी भांडण मात्र रोजचं.

परवा आईला पुन्हा चंद्रकळा नेसायला लावली. सण नाही, वार नाही, म्हणून कुरकुरली, पण नेसली. तेच परस, तीच जागा. एक घर उणे केलं. साडी अशी आली की काठाची लाल रेघ वेगळी उठून दिसली, आणि चेहऱ्यावरचं पीठही उतरलं.

आईनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

"साडी बेस आलीय," ती म्हणाली. "पण मी काळी पडले की रे! तो पहिला फोटो ठेवलायस न्हवं?"