धड कुठं आहे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्याकडे शनिवारी खेळायला येणारं नवं माणूस दोन-तीन बैठका झाल्या की हा प्रश्न विचारतंच, आणि गेल्या दिवाळीत मावसबहिणीनेही फराळाची ताटली हातात घेऊन तोच विचारला: "तुझ्या खेळात ड्रॅगन नाही, भुतांची फौज नाही. सारखी ती उडती मुंडकीच का गं?"

दरवेळी मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो छापून बाहेर आणला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक कॅरेक्टर असतं, आणि एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. गावं, रस्ते, पाऊस, दरवाजामागचा आवाज, हे सगळं डीएमने सांगायचं. तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. ठाण्यातल्या आमच्या टेबलाची डीएम मी आहे, अकरा वर्षं झाली.

पहिलं मुंडकं मी आणलं ते वारग्वील. वटवाघळासारखे पंख, डोक्यावर आणि हनुवटीखाली वळवळणाऱ्या शुंडा, आणि मानेखाली काहीच नाही. आम्ही तेव्हा थ्री पॉइंट फाइव्ह, म्हणजे २००३ सालची आवृत्ती खेळत होतो. तिच्यात वारग्वीलचे हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसेल तो आकडा, अवघे पाच. चांगला घाव बसला तर एकाच फटक्यात पडेल असा प्राणी. मंडळी नवी होती, त्यांना सोपं जावं म्हणूनच मी तो निवडला होता.

पण त्याचं हत्यार दात नव्हेत. ते किंचाळतं, ऐकणारा जागच्या जागी लाकडासारखा होतो, आणि मग ते जवळ येऊन त्याचा मुका घेतं. एवढंच. काही तासांत केस गळायला लागतात. मग कान वाढून त्यांचे कातडी पंख होतात, शुंडा फुटतात, दातांचे सुळे होतात. त्यानंतर तासातासाने बुद्धी झिजते. शेवटी मुंडकं मानेपासून सुटतं आणि उडून जातं. प्रत्येक टप्प्याला किती तास लागणार ते सहा बाजूंच्या फाशावर. नियमात एक फट ठेवलेली आहे: उन्हात हे सगळं थांबतं. बरं होत नाही, फक्त थांबतं. बरं व्हायला रोग उतरवण्याचा मंत्रच लागतो.

मुका बसला तो आमच्यातल्या सगळ्यात अबोल मुलाच्या कॅरेक्टरला, रानावनात वाट काढणाऱ्या रेंजरला. गोष्टीत रात्रीचे नऊ वाजले होते. पार्टीत, म्हणजे कॅरेक्टरांच्या टोळीत, क्लेरिक म्हणजे मंत्र जाणणारी पुजारीण होती, पण लेव्हल लहान, तो मंत्र तिच्याकडे नव्हता. देऊळ डोंगरापलीकडे. फासे लहान पडत गेले. केस गेले, कान गेले, आणि बुद्धीचे आकडे तो स्वतःच्या हाताने कागदावर खोडत होता. बाकीचे अंधारात त्याला धरून चालवत होते आणि सारखं बोलतं ठेवत होते: तुझ्या गावाचं नाव सांग, बहिणीचं नाव सांग. एका ठिकाणी त्याने मान वर करून मला विचारलं, "मी अजून मीच आहे ना?" मी पहाट झाल्याचं सांगितलं तेव्हा त्याच्या हातात एक तास उरला होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते हुश्श करून बसले.

मंडळी घरी गेल्यावर मी पसारा आवरत होते आणि तेव्हा मला ते जाणवलं. ते मुंडकं उडून गेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी ते पाच हिट पॉइंटचं पाखरू झालं असतं. नियमच सांगतो, मुंडकं सुटताक्षणी धड मरतं. मागे कुणी उरत नाही. आम्ही सगळे घाबरलो होतो ते मुंडकं धडावर होतं तोवरच.

तिथून मी मागे मागे शोधत गेले.

१९८१ साली फीन्ड फोलिओ नावाचा राक्षसांचा संग्रह निघाला, त्यात पनांगलान आहे. ही कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही, मलायातल्या लोकांच्या भीतीतून आलेली आहे. तांग्गाल म्हणजे निखळणं, सुटणं. दिवसा ती चारचौघींसारखी बाई. रात्री मान सुटते आणि मुंडकं आतडी-जठर लोंबकळत घेऊन बाहेर पडतं. कशाच्या मागावर? बाळंतिणीच्या आणि तान्ह्या बाळाच्या रक्ताच्या. पहाटे घरी परतायचं तर भिजून फुगलेली आतडी धडात मावत नाहीत, म्हणून ती व्हिनेगरच्या भांड्यात बुडवून आक्रसून घ्यायची. वॉल्टर विल्यम स्कीट या इंग्रज अधिकाऱ्याने १९०० साली मलाय जादूटोण्यावर पुस्तक लिहिलं, त्यात तिच्या जन्माची कथा आहे. एक बाई व्हिनेगरच्या लाकडी पिंपात बसून तप करत होती. एक माणूस अचानक आत आला आणि काय चाललंय म्हणून विचारलं. ती इतकी दचकली की उठताना तिची लाथ तिच्याच हनुवटीला बसली, मानेभोवतीची कातडी फाटली, आणि मुंडकं सुटून झाडावर जाऊन बसलं. मला ही कथा फार लागली. तिने कुणाचं काही केलेलं नव्हतं. ती दचकली होती.

आणि तिच्यापासून बचाव कसा करायचा? बाळंतिणीच्या घराभोवती जेरुजूची पानं अडकवायची. लोंबणारी आतडी काट्यांत अडकतील म्हणून ती आत शिरत नाही. जेरुजू काय असेल म्हणून मी पाहिलं, तर ती आपली मरांडी! आमच्या ठाण्याच्या खाडीत कांदळवनाच्या कडेला निळ्या फुलांची, काटेरी पानांची मरांडी माजलेली असते. लहानपणापासून तिच्यावर फ्रॉक फाडून घेतलेत. त्या दिवसापासून पनांगलान मला परक्या देशातली वाटेनाशी झाली. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवतात, पाचवीच्या रात्री दिवा विझू देत नाहीत, ते याच भीतीपोटी. बाळंतपणात बाया आणि पोरं पटापट जायची त्या काळात घरोघरी ही राखण होती, मलायात आणि कोकणातही.

सयामात, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, क्रासू, कंबोडियात आप, बालीत लेयाक. फिलिपिन्सची मनानांगाल तर कमरेपासून सुटते. जपानी कथांत एक भिक्षू बाहेर उडत गेलेल्या मुंडक्यांपैकी एकाचं धड हलवून ठेवतो आणि मुंडकं परत येऊन चेंडूसारखं जमिनीवर आपटून मरतं. दक्षिण चिलीत मापुचे लोकांचा चोनचोन आहे, कानांचे पंख करून उडणारं मांत्रिकाचं डोकं, रात्री तुए-तुए असं ओरडत जातं. त्याला घरातून सांगायचं, उद्या मीठ न्यायला ये. सकाळी जो पहिला मीठ मागायला दारात येईल, तो रात्रीचा. हे ऐकल्यावर माझ्या अंगावर जो काटा आला तो कुठल्याही ड्रॅगनने आणलेला नाही. शेजारी वाटी घेऊन उभा आहे, आणि आपल्याला कळलेलं आहे.

बिहोल्डरचं काय, असंही विचारतात. १९७५ पासून तो या खेळाचा चेहरा आहे: अधांतरी तरंगणारा गोळा, मधोमध एक डोळा, वर दहा डोळे देठांवर. मला त्याच्याबद्दल आदर आहे, पण त्याला कधी धड नव्हतंच, त्यामुळे त्याच्याविषयी मला सांगण्यासारखं फार नाही.

आपला राहू मात्र हवा. सूर्य-चंद्रांनी चुगली केली, सुदर्शनाने मान उडाली, पण अमृत तोवर घशापर्यंत पोचलं होतं. म्हणून शिर अमर. ते आजही आकाशात सूर्यामागे धावतं, गिळतं, आणि पोट नसल्यामुळे सूर्य मानेतून बाहेर पडतो. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या नगर, जिल्ह्यात नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. तिथली आख्यायिका सांगते की अमृताची पंगत नेवाशातच बसली होती, राहूचं शिर पडलं ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव. शब्दांची व्युत्पत्ती खरी की खोटी यावर मी वाद घालणार नाही. मला भावतं ते हे की आपल्या लोकांनी नुसतं शिर कुठे गेलं ते सांगून सोडलं नाही, धडाचाही पत्ता लिहून ठेवला.

यातलं एक मी चुकीचं वापरलं होतं, तेही सांगते. पनांगलानच्या अंगाला व्हिनेगरचा वास येतो असं मलायात मानतात. मी त्यावर एक गाव उभं केलं. तीन बाळं गेलेली, आणि वास कुणाला येतो ते शोधायचं. पार्टीला दुसऱ्याच दिवशी लोणची विकणारी म्हातारी सापडली. एकटी, गावाच्या कडेला राहणारी, पूर्वी सुईण होती. मी तिला नुसती रंगापुरती ठेवली होती. त्यांनी तिचं घर पेटवायचं ठरवलं, फार चर्चाही केली नाही. मी मध्ये पडून थांबवायला हवं होतं, आणि मी थांबवलं नाही. नियमाने घर जळतं म्हणून जाळलं. चौथं बाळ त्यानंतर गेलं. तो शनिवार वाईट गेला, आणि दोन जण पुढचे दोन आठवडे आले नाहीत. या कथा जिथे जिथे सांगितल्या गेल्या तिथे बोट कुणाकडे गेलं असेल ते मला त्या टेबलावर कळलं: म्हातारी, एकटी, सुईण. तेव्हापासून मुंडकं आणायचं ठरवलं की मी आधी ती बाई लिहून काढते. तिचं घर, तिची खाट, ती दिवसा काय करते, तिला स्वतःला हे ठाऊक आहे का. मुंडक्याचे आकडे शेवटी.

आणि ठाऊक नसू शकतं. गान बाओ याने चौथ्या शतकात चीनमधल्या अद्भुत कथा जमवल्या, त्यांत जू ह्वान नावाच्या सेनापतीची दासी आहे. रात्री ती झोपली की तिचं मुंडकं कानांचे पंख करून, कुत्र्याच्या दारातून नाहीतर छपराच्या झरोक्यातून बाहेर जायचं आणि पहाटे परतायचं. एका रात्री कुणीतरी पाहिलं तर खाटेवर नुसतं धड. अंग जरासं गार, श्वास जेमतेम. त्यांनी त्यावर पांघरूण ओढलं. पहाटे मुंडकं आलं, पांघरुणामुळे मानेवर बसता येईना. दोन-तीनदा जमिनीवर पडलं, कण्हू लागलं, आणि इकडे धडाचा श्वास लागला. पांघरूण काढलं तसं ते उठलं, मानेला चिकटलं, आणि ती शांत झोपली. सेनापती घाबरला, त्याने तिला नोकरीवरून काढून टाकलं. पुढे चौकशी केल्यावर त्याला कळलं की तिचा तो जन्मजात स्वभावच होता. त्या मुंडक्याने कुणाचं रक्त प्यायलं, असं कथेत कुठेही नाही.

गेल्या पावसाळ्यात मी ही खोली जशीच्या तशी टेबलावर मांडली. सरायीतली मागची खोली, मोलकरणीची खाट, बाहेर पाऊस. पार्टी खिडकीतून गेलेल्या मुंडक्याच्या मागावर होती, तीन रात्री. त्यांनी दार उघडलं आणि मी वर्णन केलं: बिनमुंडक्याचं धड, छाती हळूहळू वरखाली होते आहे, पायांत जाड मोजे, एका मोज्याला रफू. कुणी बोलेना. एकाने तलवारीचं नाव काढलं आणि मग स्वतःच गप्प झाला. दुसऱ्याने पांघरूण उचललं, आणि मी म्हटलं, पहाट होत आली आहे, छपरावर काहीतरी उतरल्याचा आवाज येतो.

आमच्यात एक नर्स आहे, रात्रपाळी करून शनिवारी येते. ती म्हणाली, "पांघरूण गळ्यापर्यंतच घाल. मान उघडी ठेव. आणि झरोका उघडा, पाऊस आत आला तर येऊ दे." मग तिने मला विचारलं की फासा टाकायचा का. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, मग मी खाटेशेजारी बसते, जागी होईल तेव्हा तिला पाणी लागेल.